पोचवलेलं जाळं

यंत्राने रुपेश कुबलचं नाव घेतलं तेव्हा आडबंदरच्या शेडमध्ये माशांचा लिलाव ऐन रंगात होता, आणि रुपेशला दर्यात जाऊन नववं वर्ष लागलं होतं.

यंत्र दिसायला मिक्सरएवढं. सागरी संशोधन केंद्राच्या डॉ. नूपुर घैसास ते त्या सकाळी पहिल्यांदाच गावात घेऊन आल्या होत्या. समोरच्या टोपलीतली एक मुडदुशी त्यांनी उचलली, पाठीकडचं नखाएवढं मांस कापून काचेच्या चकतीवर ठेवलं आणि झाकण लावलं. यंत्र थोडा वेळ घुमलं आणि रेल्वे स्टेशनावरच्या बाईच्या आवाजात म्हणालं, "धागा, नायलॉन. जाळेधारक, रुपेश जगन्नाथ कुबल, आडबंदर."

बोली लावणाऱ्याच्या तोंडातला आकडा तोंडातच राहिला. ती टोपली चैताली कुबलची होती. चैताली म्हणजे रुपेशची बायको. चैताली, स्वप्नील, प्रणाली ही एके काळी कॉलेजच्या पोरापोरींची नावं होती, ती आता सासवांची आणि आजोबांची झाली. चैतालीही लवकरच आजी होणार होती. तिची लेक आर्वी कोल्हापूरला दिली होती आणि तिला सहावा महिना चालू होता.

नूपुरला यातलं काही ठाऊक नव्हतं. यंत्र एवढ्याशा मांसातलं नाव सांगू शकलं याचाच तिला आनंद झाला होता. "अरे वा! रुपेश कुबल कोण? आलेत का इथे?" तिने हसत हसत विचारलं.

बर्फ फोडणारी एक म्हातारी म्हणाली, "ते येवचे नाय, बाय. ते गेले."

चैताली पुढे झाली. तिने नूपुरला एवढंच सांगितलं, "तेका परत बोलाक सांग."

यंत्र परत बोललं. चैतालीने ते उभ्याने ऐकून घेतलं, टोपलीवर फडकं टाकलं आणि म्हणाली, "ही टोपली इकूची नाय." मग ती घरी गेली आणि त्या दिवशी शेडमध्ये परतली नाही.

यंत्राची गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, नाहीतर कुणाला वाटायचं आडबंदरला भुताटकी झाली. भुताटकी नव्हती, कायदा होता. तुटलेली, फेकलेली जाळी समुद्रात वर्षानुवर्षं तरंगत राहायची, त्यांत कासवं आणि डॉल्फिन अडकून मरायचे, आणि जाळं कुणाचं म्हणून विचारलं की सगळे हात वर करायचे. तेव्हा सरकारने ठरवलं की जाळ्याच्या धाग्यातच मालकाचं नाव घालायचं. डीएनए ही मुळात चार अक्षरांची लिपी. तिच्यात जिवाची कुंडली लिहिता येते, तसा एखाद्याचा नोंदणी क्रमांकही लिहिता येतो. कारखान्यात असा क्रमांक लिहायचा, पिठाच्या धुळीपेक्षा बारीक अशा काचेच्या मण्यांत तो बंद करायचा आणि ते मणी नायलॉनच्या रसात मिसळायचे. मग त्या धाग्याचे हजार तुकडे झाले तरी प्रत्येक तुकड्याच्या पोटात मालकाचं नाव असतं. हा सगळा खटाटोप मोठमोठ्या ट्रॉलरवाल्यांना पकडण्यासाठी होता. पण कायदे मोठ्यांसाठी होतात आणि हाती लागतात धाकटे, हे काही आपल्याला नवीन नाही.

सुरुवातीची यंत्रं हातभर दोरी असेल तरच नाव वाचायची. नूपुरचं नवं यंत्र एका कणावरून वाचत होतं, आणि ते घेऊन ती आडबंदरला आली ती तिथल्या गवतासाठी. आडबंदरच्या खाडीच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात गवताचं मोठं कुरण आहे. शेवाळ नव्हे, खरंखुरं गवत. त्याला मुळं असतात, पाण्याखाली फुलं येतात. त्याच्या पात्यांमुळे पाण्याचा वेग मोडतो आणि पाण्यातून जे काही वाहत येतं ते खाली बसतं. पात्यांवर बुळबुळीत थर असतो, त्याला प्लास्टिकची धूळ चिकटते. तो थर किडे आणि बारीक कोळंबी खातात, त्यांना मुडदुशी खाते, आणि मुडदुशीला आपण खातो. एवढं सगळं नूपुरला ठाऊक होतं, फक्त एक गोष्ट उमगत नव्हती. बाहेरच्या समुद्रातल्या मासळीपेक्षा या कुरणातल्या मासळीत नायलॉन कितीतरी पट जास्त होता, आणि जी नावं निघत होती ती सगळी याच गावची होती. शिवाय त्यातला एकही माणूस जिवंत नव्हता.

याचं उत्तर गावातल्या शेंबड्या पोरानेसुद्धा दिलं असतं, फक्त तिने विचारायला हवं होतं.

आडबंदरला एक रिवाज आहे. माणूस दर्यात गेला आणि त्याचं प्रेत हाती लागलं नाही, तर दहाव्याला त्याचं जाळं खाडीत नेऊन गवतात बुडवतात. याला जाळं पोचवणं म्हणतात. जाळं कुजलं की माणूस सुटला, असं मानतात. पूर्वी जाळी तागाची आणि सुताची असायची, ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळलेली. पोचवलेलं जाळं एका पावसाळ्यात कुजून जायचं, आणि विधवा पुढच्या वर्षी श्राद्ध घालून मोकळी व्हायची. मग नायलॉन आला. जाळी बदलली, रिवाज तोच राहिला. नायलॉन कुजत नाही हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? ज्यांचं पोट नायलॉनवर त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला? पण रिवाज करताना माणूस धाग्याची जात बघत नाही. आपण सगळेच असे आहोत.

रुपेशचं जाळं चैतालीने स्वतः पोचवलं होतं, निळी कांडाळ, पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी. त्याच्या शेजारीच तुषारचं. तुषार म्हणजे रुपेशचा पुतण्या, मोठा भाऊ सुदेशचा मुलगा. दोघे एकाच होडीत होते.

पहिल्या दिवसानंतर चैताली रोज सकाळी यंत्रापाशी येऊ लागली. चार मासे आणायची आणि कापून बघायला सांगायची. कधी दुसऱ्याच कुणाचं नाव निघायचं, मग ती तो मासा लिलावात टाकायची. रुपेशचं निघालं की मासा बाजूला ठेवायची. चार दिवसांत बातमी गावभर झाली आणि सकाळी यंत्रापुढे बायकांची रांग लागली. "बघ गो बाय, माझो आसा काय ह्यात?" कुणाचा नवरा होता, कुणाचा भाऊ. ज्यांचं माणूस निघायचं त्या मासा पदराखाली झाकून न्यायच्या. ज्यांचं निघायचं नाही त्या म्हणायच्या, "उद्या येतलो," आणि हसायच्या. पोलिसी कामासाठी आणलेल्या यंत्राचा त्यांनी देव केला होता. नूपुरला ते बघवत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं.

तिने ग्रामपंचायतीत सभा घेतली. कुरणातली मासळी रोज खाऊ नका, लहान मुलांना देऊ नका आणि गरोदर बायकांना तर अजिबात नको, असं बजावून सांगितलं. गवतातली जाळी काढू द्या म्हणून हात जोडले. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय पोचवलेल्या जाळ्याला हात लावायचा नाही, असं पंचायतीने आधीच ठरवलं होतं, त्यामुळे तिला एकेकाचा होकार हवा होता. कुणीच दिला नाही. न कुजलेलं जाळं वर काढणं म्हणजे सुटायला निघालेल्या माणसाला मागे खेचणं. सगळ्यांत मोठ्याने चैतालीच म्हणाली, "माझ्या माणसाक हात लावशात तर याद राखा."

माशांबद्दलचं बोलणंही तिने ऐकलं होतं. पण प्लास्टिक कुठे नाही? मिठात आहे, पाण्यात आहे, वाऱ्यातसुद्धा आहे, हे तर नूपुरच सांगत होती. चैतालीचा हिशोब साधा होता. दुसऱ्याचा नायलॉन तो कचरा, आपल्या माणसाचा तो आपला.

आर्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिला सातवा संपत आला होता. लेक दारात आली तशी चैतालीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला खुर्चीत बसवलं आणि चुलीला लागली. मुडदुशी म्हणजे अंगाला हलकी, काट्याला बेताची. आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि दात येणाऱ्या पोराला आमच्याकडे हीच देतात. आर्वी दोन्ही वेळ मुडदुशीचं सार आणि मऊ भात ओरपत होती. "आये, कोल्हापुरात ह्या मिळणा नाय गो," म्हणत होती. तिच्या पानात येणारा प्रत्येक मासा सकाळी यंत्रापुढून आलेला असायचा. आईने तो बापाच्या नावाने निवडून आणलेला असायचा. आर्वीला हे माहीत नव्हतं. चैतालीला सांगावंसं वाटायचं, पण वाटायचं की बाळ झाल्यावर सांगू, तेव्हा जास्त गोड लागेल.

आठव्यात तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. बाळ वाढत नव्हतं. वार सुजली होती, बाळाला रक्त पुरत नव्हतं. त्यांनी काय काय खाता म्हणून विचारलं, मग गाव कुठलं म्हणून विचारलं. वारेत प्लास्टिकचे कण साठले की अशी सूज आलेली त्यांनी आधी बघितली होती. "यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार," त्या म्हणाल्या, "पण मासे आजपासून बंद. आणि रक्त तपासून घ्या."

रक्त तपासायला नूपुर यंत्र घेऊन घरी आली. घरापुढच्या खळ्यात दुपारचं ऊन होतं, पडवीत आर्वी पाय पसरून बसली होती. नूपुरने तिच्या बोटातून थेंब घेतला, चकतीवर ठेवला. चैताली उंबऱ्यात उभी होती. यंत्र घुमायला लागलं तेव्हाच तिला कळलं असणार, कारण ती पुढे आली आणि म्हणाली, "ऱ्हवांदे, नूपुरबाय. बंद कर ता."

यंत्र तोवर बोललं होतं. "धागा, नायलॉन. जाळेधारक, रुपेश जगन्नाथ कुबल, आडबंदर."

आर्वीला आधी हसूच आलं. "बाबा? माझ्या रगतात?" मग तिने यंत्राच्या पडद्यावरचा कणांचा आकडा बघितला. नूपुरने आधी तपासलेल्या गावातल्या बाकीच्या बायकांच्या रक्तात दहा जणांचे कण मिसळलेले निघायचे. हिच्या रक्तात जवळजवळ एकाच माणसाचे होते. असं आपोआप होत नाही.

"आये," आर्वी म्हणाली, "तू माका काय घालतंस जेवणात?"

चैतालीने खोटं सांगितलं नाही. "तुझ्या बापाशीचा नाव इला तेच मासे घातलंय. म्हटलंय, तेंचा कायतरी तुझ्या पोराक लागांदे. तेंनी नातवाक बघूक नाय."

आर्वीने पसरलेले पाय जवळ घेतले. तिचे हात पोटावर होते. "माझो बाबा चांगलो होतो गो," ती म्हणाली. "वाईट नव्हतो. तेका तू माझ्या पोराच्या मुळावर घातलंस."

त्या दिवसापासून आर्वी आईच्या हातचं जेवली नाही. आठवा महिना लागलेली ती पोर चुलीपुढे बसून स्वतः पेज शिजवायची आणि लोणच्याच्या फोडीबरोबर गिळायची. चैताली दाराआडून बघायची. माहेरी आलेल्या लेकीने आपलं ताट आपण वाढून घ्यावं, यापेक्षा वाईट काय असतं ते मला माहीत नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पण आर्वी भांडली नाही.

तिसऱ्या दिवशी चैताली नूपुरपुढे जाऊन उभी राहिली. "काढा जाळी. माझी हरकत नाय."

"काकी, एकट्या तुमची काढून उपयोग नाही. सगळ्यांचा होकार लागेल."

"तो मी घेतंय."

आणि तिने घेतला. ज्या तोंडाने सभेत याद राखा म्हटलं होतं त्याच तोंडाने ती घरोघर गेली. आर्वीच्या रक्ताची गोष्ट लपवली नाही. बायका ऐकायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या आणि बरं म्हणायच्या. प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी पोटुशी होतीच. अडलं ते फक्त सुदेशपाशी.

सुदेश कुबल रापणीचा तांडेल. किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचा मुख्य माणूस, वयाने सत्तरीला टेकलेला. त्याच्या शब्दाबाहेर गावातला एकही माणूस दोराला हात लावत नसे. तो होडीला डांबर लावत होता. त्याने मान वर न करताच विचारलं, "झाला फिरान?"

"झाला, भावजी. तुमचाच ऱ्हवला."

"तुझा लेकीच्या पोटात आसा म्हणान तू काढूक सांगतंस." त्याने ब्रश खाली ठेवला आणि खाडीकडे बोट केलं. "माझा थय आसा. माका दुसरा खय काय आसा, सांग बघू? तेका मी दोनदा मारू?"

चैताली वाळूत बसली. "ते सुटाक नाय, भावजी. नव वर्सां झाली. नायलॉन कुजणा नाय, ह्या तुमका माहीत आसा, माका माहीत आसा. आपण तेंका सोडूक नाय, आपण तेंका बांधून ठेवलाव."

सुदेशने ब्रश परत उचलला नाही. ती उठून गेली तरी तो डांबराच्या डब्याकडे बघत होता. पण अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला सकाळी सगळे खाडीत उतरले तेव्हा तो सगळ्यांच्या आधी पाण्यात होता. कमरेला सदरा गुंडाळलेला, हातात दोर.

पाणी मांडीपर्यंत उतरलं होतं. खाली गवत एका बाजूला झुकलं होतं आणि त्यात बारीक मासे पळत होते. नूपुरने खुणा करून ठेवल्या होत्या. पहिली खूण रुपेशच्या जाळ्याची. सुदेशने हात घालून चाचपलं, दोराचा फास टाकला आणि रापण ओढताना देतात तशी हाळी दिली. पुरुषांनी दोर ताणला. बायका काठावर उभ्या होत्या, आर्वीही आली होती आणि एका होडीच्या कडेला टेकून बसली होती.

जाळं हललं. हातभर वर आलं, चैतालीने पुढे होऊन ते दोन्ही हातांनी धरलं, आणि ते तिच्या बोटांत मोडलं. तुटलं नाही, मोडलं, वाळलेल्या पापडासारखं. तिने दुसरीकडे धरलं, तिथेही मोडलं. पाण्यात निळा धूर पसरला.

"थांबा!" नूपुर ओरडली. "ओढू नका! सोडा दोर!"

सगळे थांबले. निळा धूर गवतावरून हळूहळू बाहेर निघाला होता आणि मासे त्यात तोंडं उघडून शिरत होते. नूपुर पाण्यात उभी राहून तो बघत होती. आता तिच्या लक्षात आलं. दर मोठ्या ओहोटीला पाणी उथळ व्हायचं आणि ऊन थेट या जाळ्यांपर्यंत पोचत होतं. उन्हातले अतिनील किरण नायलॉनच्या लांबच लांब साखळ्या तोडतात, मग धागा वरून तसाच दिसतो पण त्यात जीव राहत नाही. तिने कण मोजले होते, पात्यांवरचे मोजले, माशांतले मोजले, पण धाग्याला हात लावून बघितला नव्हता. आता ओढलं तर दहा वर्षांत झाली असती एवढी धूळ एका सकाळी होणार होती.

"मग आता काय करूचा?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही," नूपुर म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवत नव्हती. "इथे पाय नाही ठेवायचा. जाळं नाही, वल्हं नाही, काही नाही. गवत गाळ धरतं. आपण हात लावला नाही तर ते यांना हळूहळू गाळाखाली घेईल. तीस वर्षं लागतील, चाळीस लागतील."

सुदेश तेव्हा पुढच्या खुणेपाशी गेला होता. ते तुषारचं जाळं. त्याने ओढलं नाही. पाण्यात वाकून गवतावरून नुसता हात फिरवला, तेवढ्यानेही त्याच्या तळव्यावर निळी पूड आली. ती पाण्यात धुवायची की अंगाला पुसायची हे त्याला कळेना. शेवटी तो मूठ मिटून तसाच खाली बसला, पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं, आणि दोघांनी धरून त्याला काठावर आणावं लागलं.

खाडी बंद झाली. गावाने स्वतः बंद केली, बाहेरून कुणी हुकूम काढायला लागला नाही. मुडदुशी कुणाच्या टोपलीत दिसली तर बायकाच त्या टोपलीवालीला ओरडू लागल्या. यंत्रापुढची रांगही मोडली. नावं ऐकायची हौस आता कुणाला राहिली नव्हती.

आर्वीची मुलगी वेळेच्या बरीच आधी झाली. तळहातावर मावेल एवढी. महिनाभर काचेच्या पेटीत होती. रडायची तेव्हा आवाज यायचा नाही, नुसतं तोंड उघडायचं. चैताली दवाखान्याच्या बाकावर बसून असायची. आर्वी तिला पाणी विचारायची, झोप झाली का विचारायची, जावयाने खाणावळीतून आणलेल्या डब्यातलं वाढायची. आईने मात्र काही करून आणलेलं ती घेत नव्हती. पोर जगली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की फुप्फुसं आणि यकृत यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल, दर महिन्याला रक्त बघावं लागेल, मोठी होईपर्यंत. रक्तात आलेले कण बाहेर काढायचा उपाय अजून कुणाकडे नव्हता.

आता दवाखान्यातही ते यंत्र आलं होतं. पहिल्या तपासणीला परिचारिकेने बाळाच्या टाचेतून थेंब घेतला आणि यंत्र बोललं, त्याच आवाजात, तेच नाव. परिचारिका नवी होती. तिने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "प्रदूषणास जबाबदार व्यक्ती, रुपेश जगन्नाथ कुबल. हे कोण? यांच्यावर तक्रार करायची असेल तर इथे बोट लावा."

"ते माझे वडील," आर्वी म्हणाली. मग ती बाळाला छातीशी धरून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "आये, दर म्हयन्याक ह्या ऐकाचा? ह्या पोराक बोलाक येयत, वाचाक येयत, तेवाय ह्याच ऐकतला? आजो म्हणजे जबाबदार व्यक्ती?"

चैताली दुसऱ्या दिवशी नूपुरच्या केंद्रावर गेली, एकटी, एसटीने. नोंदवहीतून नाव काढता येतं का, एवढंच तिने विचारलं.

"वारसाने सांगितलं तर काढता येतं," नूपुर म्हणाली. "पण काकी, नीट ऐका. नाव काढलं म्हणजे सगळीकडूनच जातं. कुठल्याही माशात, कुठल्याही पाण्यात ते परत ऐकू येणार नाही. मण्यांतला क्रमांक तसाच राहील, पण तो कुणाचा ते जगात कुणालाच सांगता येणार नाही. एकदा पुसलं की परत लिहिता येत नाही."

चैतालीने यंत्राकडे बघितलं. ते टेबलावर बंद होतं. "एकदा ऐकव," ती म्हणाली.

नूपुरने जुनी एक चकती काढून लावली. यंत्र बोललं. चैतालीने डोळे मिटून ऐकलं, आणि मग काचेवर अंगठा टेकवला.

पुढच्या तपासणीला ती आर्वीबरोबर गेली. त्यानंतर आर्वी कोल्हापूरला जायची होती. बाळ आता थोडं अंगाला लागलं होतं, टाच टोचली तेव्हा आवाज काढून रडलं. यंत्र घुमलं, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ.

"धागा, नायलॉन. जाळेधारक, नोंद नाही."

पडद्यावर कणांचा आकडा आला. तो मागच्या वेळेएवढाच होता.

आर्वीने आईकडे वळून बघितलं. तिला समजायला क्षणभर लागला. "तू काढलंस नाव?"

"काढलंय." चैतालीने बाळाच्या टाचेवर कापूस दाबून धरला होता. "बापूस होतो तुझो. ह्या पोराच्या अंगात चोर म्हणान कित्याक ऱ्हवात?"

"आता खयच ऐकाक येवचो नाय तो, आये."

"नाय येवचो," चैताली म्हणाली. "गेले ते."

आणि कापूस तसाच धरून ती त्या दवाखान्यात, अनोळखी माणसांसमोर, नवरा आजच गेल्यासारखी मोठमोठ्याने रडू लागली. आर्वीने तिला गप्प केलं नाही.